राखेवर उमटलेली पावले

मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न वसईच्या ख्रिस्ती घरांत दर नाताळात आणि दर उन्हाळी सुट्टीत नव्याने निघतो. अलीकडे त्यात एका नव्या नावाची भर पडली आहे. इंग्रजी शाळेत शिकणारी आणि मोबाइलवर वाचणारी मुले ‘कोझी मिस्ट्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रहस्यकथांकडे वळू लागली आहेत. लहानसे गाव, गावातले चर्च, कोपऱ्यावरची बेकरी, एखादी चौकस बाई किंवा म्हातारे फादर, एक चोरी किंवा एक खून, आणि शेवटच्या पानाआधी सापडणारा गुन्हेगार. रक्ताचे वर्णन नाही, शिवीगाळ नाही, शय्यागृहाचे दार बंद. त्यातला ख्रिस्ती प्रकार आणखी सोवळा. नायिका संकटात प्रार्थना करते, रविवारची उपासना चुकवत नाही आणि शेवटी क्षमेचे चार शब्द बोलते. अमेरिकेत अशा कथांची मोठी बाजारपेठ आहे. आईवडील, धर्मशिक्षण देणाऱ्या बाई, कधी खुद्द फादरही विचारतात की हे मुलांनी वाचले तर चालेल ना?

चालेल. परंतु ज्या मापाने हे ठरवले जाते ते माप अपुरे आहे. पुस्तकात काय काय नाही याची यादी करायची आणि ती लांबलचक निघाली की पुस्तक मुलांच्या योग्यतेचे म्हणायचे, अशी ही पद्धत आहे. रहस्यकथेची पारख निराळ्या तीन ठिकाणी करावी लागते. संशय कोणापर्यंत पोहोचू दिला आहे? निरपराध माणसाला कोण वाचवते, आणि कशाच्या जोरावर? सापडलेल्या गुन्हेगाराचे पुढे काय होते? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधायला अमेरिकेत जाण्याची गरज नाही. ती आपल्या घरातल्या बायबलमध्ये आहेत आणि चारशे वर्षांच्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयातही आहेत.

ख्रिस्ती रहस्यकथा ही विसाव्या शतकातल्या इंग्लंडची देणगी, असा सर्वसाधारण समज आहे. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेला तो मान्य नव्हता. तिने १९२८ मध्ये रहस्यकथांचा जो मोठा संग्रह संपादित केला, त्यात प्राचीन नमुने म्हणून दानिएलच्या ग्रंथातल्या दोन कथा घेतल्या. कॅथलिक बायबलमध्ये त्या तेराव्या आणि चौदाव्या अध्यायात आहेत. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये हे अध्याय नाहीत, त्यामुळे अहमदनगरच्या किंवा कोल्हापूरच्या प्रॉटेस्टंट मुलाला त्या सहसा भेटत नाहीत. वसईच्या कॅथलिक मुलाला मात्र भेटतात. सुसान्नेची कथा तर प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यात सोमवारच्या मिस्सेत वाचली जाते.

काय आहे ती कथा? बाबिलोनमध्ये दोन वडीलधारी माणसे त्या वर्षी न्यायाधीश म्हणून नेमली गेली आहेत. सुसान्ना ही विवाहित, देवभीरू स्त्री बागेत एकटी असताना हे दोघे तिला गाठतात आणि सांगतात, आमचे ऐक, नाहीतर परपुरुषासोबत तुला पाहिले अशी साक्ष देऊ. ती नकार देते आणि ओरडते. दुसऱ्या दिवशी सभा भरते. दोन प्रतिष्ठित माणसांची साक्ष असल्याने लोकांचा विश्वास बसतो आणि तिला देहदंड सुनावला जातो. तिला मारायला घेऊन निघालेल्या गर्दीतून एक कोवळा पोरगा ओरडतो की या बाईच्या रक्ताचा वाटेकरी मी होणार नाही. तो दानिएल. दोन्ही साक्षीदारांना वेगवेगळे करा, असे तो सांगतो. मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो. कोणत्या झाडाखाली पाहिलेस? एक जण एक झाड सांगतो, दुसरा दुसरेच. सुसान्ना वाचते.

साक्षीदारांना अलग करून तपासणे हे आजही कोर्टातले साधे आणि हमखास हत्यार आहे. या कथेत ते एका मुलाच्या हाती आहे. ज्यांच्या पांढऱ्या केसांपुढे सगळा समाज वाकतो, त्यांची उलटतपासणी एक पोरगा करतो, आणि धर्मग्रंथ त्याची बाजू घेतो. मुलांसाठी ख्रिस्ती रहस्यकथा कशी असावी याचे इतके नेमके उदाहरण मला दुसरीकडे सापडत नाही. कथेत वासना आहे, धमकी आहे, खोटा खटला आहे, देहदंड आहे. सोवळ्या यादीत ती पहिल्याच फेरीत बाद होईल. तरीही चर्च ती दरवर्षी भर मिस्सेत वाचते.

चौदाव्या अध्यायातली कथा वयाने लहान मुलांना अधिक रुचेल अशी आहे. बेल या देवतेपुढे रोज पीठ, चाळीस मेंढरे आणि द्राक्षारस ठेवला जातो, आणि सकाळी सगळे फस्त झालेले असते. राजा म्हणतो, देव खातो. दानिएलला खात्री वाटत नाही. तो राजासमक्ष देवळाच्या जमिनीवर राख पसरवून घेतो, दाराला राजाची मोहर लागते. सकाळी मोहर शाबूत असते आणि अन्न गायब. राजा देवाचा जयजयकार करतो. दानिएल हसतो आणि खाली बोट दाखवतो. राखेवर पुरुषांची, बायकांची आणि मुलांची पावले उमटलेली असतात. पुजाऱ्यांनी मेजाखालून चोरवाट केली होती. बंद खोली, शाबूत मोहर, जमिनीवरचा पुरावा. पुढे हजारो पानांच्या रहस्यकथा लिहिल्या गेल्या तरी त्यांची मांडणी याहून फार निराळी झाली नाही.

ही कथा वसईत सांगताना मात्र एका जागी जपावे लागेल. वर्गातली निम्मी मुले हिंदू आहेत. त्यांच्या घरी देवापुढे नैवेद्य दाखवला जातो, आणि शेजारच्या ख्रिस्ती मुलालाही त्यातला प्रसाद मिळतो. नैवेद्य दाखवणारा कोणीही देव रात्री उठून जेवतो असे मानत नाही. बेलची कथा शेजाऱ्याच्या श्रद्धेची टवाळी म्हणून सांगितली गेली, तर ती मुलांसाठी अयोग्य आहे, मग तिच्यात रक्ताचा थेंब नसला तरी. भाविकांच्या श्रद्धेवर पोट भरणाऱ्या लबाड मंडळींची कथा म्हणून सांगितली, तर तिच्यात सगळ्या धर्मांची मुले सामील होतील. आणि तिचा शेवट, ज्यात राजा संतापून पुजाऱ्यांना बायकामुलांसह मारून टाकतो, तो झाकण्याऐवजी मुलांना त्यावर बोलू द्यावे. राखेवर मुलांचीही पावले होती. त्या मुलांचा काय दोष होता, हा प्रश्न दहा वर्षांची मुलगी नक्की विचारेल. तिने विचारावाच.

मराठीत ख्रिस्ती कथा प्रथम कशी आली, हेही आठवण्यासारखे आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि साष्टीत राहून मराठीचा व कोकणीचा उत्तम जाणकार झाला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यात छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभीच त्याच्या जन्माचे कारण येते. स्टीफन्स रविवारी देवळात मुलांना दोत्रीन, म्हणजे धर्माचे पाठ, शिकवत असताना एक नवख्रिस्ती गृहस्थ गाऱ्हाणे मांडतो. आमची जुनी पुराणे तुम्ही सोडायला लावली, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला काय दिलेत? हा प्रश्न दोत्रीनीने मिटणारा नव्हता. माणसांना, विशेषतः मुलांना, कथा हवी असते, आणि कथेची जागा उपदेश घेऊ शकत नाही, हे स्टीफन्सला कळले. त्याने ज्ञानेश्वरांच्या आणि एकनाथांच्या ओवीत, रसाळ मराठीत पुराण रचले. त्यात बेथलेहेमच्या बालकांची कत्तल आहे, यहुदाचा विश्वासघात आहे, क्रूसावरचे हाल आहेत. ऐकणाऱ्यांत मुले आहेत म्हणून त्याने ते गाळले नाही.

त्याच काळात दुसरी एक वाटही चालू होती. १५५९ मध्ये रोममधून निषिद्ध ग्रंथांची सूची निघाली आणि ती थेट १९६६ पर्यंत टिकली. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह तपासणारे चर्चचे न्यायालय, होते. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या तीन छापील आवृत्त्या निघाल्या होत्या, पण आज त्यांतली एकही प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींत, आणि १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला. निषिद्ध सूचीच्या मापाचा एकच दाखला पुरे. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ ही कादंबरी १८६४ पासून १९५९ पर्यंत त्या सूचीत होती. या कादंबरीत एक बिशप आपल्या घरून चांदीची भांडी चोरून पळालेल्या माणसाला पोलिसांच्या तावडीतून सोडवतात, भांडी मीच दिली असे सांगतात, आणि त्या चोराचे आयुष्य पालटते. ख्रिस्ती क्षमेचे याहून प्रभावी चित्र एकोणिसाव्या शतकाने क्वचितच काढले असेल. काय गैर आहे याची यादी हातात घेऊन बसणाऱ्यांना ते दिसले नाही.

एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती गद्य मुद्रणात आले, तेव्हा दोन्ही वाटा पुन्हा दिसतात. बन्यन या इंग्रज लेखकाच्या रूपककथेचा हरि केशवजींनी केलेला ‘यात्रिकक्रमण’ हा अनुवाद १८४१ चा. त्यात प्रत्येक माणूस एकेका गुणाचे वा दुर्गुणाचे नाव धारण करून येतो, म्हणजे कोण कसा हे वाचकाला आधीच ठाऊक असते. १८५७ मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी हा मान अनेक अभ्यासक तिला देतात. तिच्यातही उपदेश भरपूर आहे, आणि ख्रिस्ती होण्यात सगळ्या दुःखाचे उत्तर दाखवण्याची घाईही आहे. तरीही यमुना गावोगावी फिरते आणि विधवांचे काय हाल होतात हे पाहते, तो भाग आजही अस्वस्थ करतो, कारण तिथे लेखकाने डोळे उघडे ठेवले आहेत. घरातले प्रतिष्ठित पुरुष, धर्माचे जाणकार, आप्त यांच्याच हातून अन्याय घडतो, हे तिथे लपवलेले नाही. पुढे १८७३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक सुरू केले. वि. कों. ओकांचे ‘बालबोध’ आठ वर्षांनी, १८८१ मध्ये आले. मराठी मुलांसाठी नियमित वाचन पुरवण्याच्या कामात ख्रिस्ती मंडळी पहिल्या फळीत होती, ही आपल्या अभिमानाची बाब आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात ते उगाच नव्हे. मात्र या सगळ्या परंपरेत रहस्यकथा नाही. प्रश्न उभा करून वाचकाला त्याचे उत्तर स्वतः शोधायला लावणारी कथा मिशनच्या छापखान्यांनी दिली नाही. उत्तर आधी आणि गोष्ट मागून, असा त्यांचा क्रम राहिला.

हा क्रम उलटा केला इंग्लंडमधल्या एका पत्रकाराने. जी. के. चेस्टरटनची पहिली फादर ब्राउन कथा १९१० मध्ये प्रसिद्ध झाली, पहिला संग्रह १९११ मध्ये आला. चेस्टरटन स्वतः कॅथलिक झाला तो १९२२ मध्ये, म्हणजे त्याचा फादर त्याच्या आधी अकरा-बारा वर्षे कॅथलिक होता. गोल चेहऱ्याचा, छत्री हरवणारा हा बुटका फादर भोळा वाटतो. त्याला गुन्हेगार ओळखता येतात, कारण कन्फेशनच्या पेटीत बसून त्याने माणसांची पापे वर्षानुवर्षे ऐकली आहेत. १९२७ च्या संग्रहात तो आपले गुपित सांगतो. खुन्याच्या मनात शिरून, त्या क्षणी आपणही खून करू शकलो असतो इथपर्यंत पोहोचल्यावर आपल्याला उलगडा होतो, असे त्याचे म्हणणे.

या कथांत संशय कोणापर्यंत पोहोचतो ते पाहा. पहिल्याच कथेत चोर पाद्र्याच्या झग्यात आहे, आणि फादर ब्राउन त्याला ओळखतो कारण तो तर्कबुद्धीची निंदा करतो, जे खऱ्या धर्मगुरूला शोभत नाही. दुसऱ्या कथेत खुनी निघतो खुद्द पोलीसप्रमुख. ‘द हॅमर ऑफ गॉड’ या कथेत मारेकरी आहे चर्चच्या मनोऱ्यावर उंच बसून प्रार्थना करणारा एक सदाचारी पाद्री. फादर ब्राउनला सगळे कळते. तो त्याला म्हणतो की मी कोणाला सांगणार नाही, पुढे काय करायचे ते तू ठरव. तो पाद्री स्वतः खाली उतरून गुन्हा कबूल करतो. गुन्हेगाराला पकडून टाळ्या मिळवणे हा इथे शेवट नाही. पहिल्या कथेतला चोर फ्लॅम्बो पुढे फादरचा मित्र होतो आणि चोरी सोडून गुप्तहेर बनतो. क्षमा इथे शेवटच्या चार वाक्यांत चिकटवलेली नाही, ती कथेचे चाक फिरवते.

रोनाल्ड नॉक्स हा तर प्रत्यक्ष कॅथलिक धर्मगुरू. त्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यांतल्या एका नियमानुसार रहस्यकथेत दैवी किंवा अद्भुत शक्तीला थारा नाही. दुसऱ्या नियमानुसार गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकासमोर ठेवलाच पाहिजे. रोज वेदीवर उभा राहणारा माणूस कथेतून चमत्कार बाहेर काढतो, यामागे वाचकाविषयीचा आदर आहे. आजच्या अनेक ख्रिस्ती रहस्यकथांत नायिका डोळे मिटून प्रार्थना करते आणि उत्तर तिच्या मनात अवतरते. असे पुस्तक सोवळे असेल, पण ते मुलाला फसवते. दानिएलनेही प्रार्थना केली असेल, पण त्याने राख पसरली.

फादर ब्राउनच्या कथा वसईच्या मुलांना डोळे झाकून द्याव्यात असे मात्र मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारण खुनांशी संबंधित नाही. ‘द राँग शेप’ या कथेत एका इंग्रज कवीच्या घरी एक भारतीय साधू राहतो. खुनी शेवटी इंग्रज डॉक्टर निघतो, तरी तोवर त्या भारतीयाचे, त्याच्या देशातल्या वस्तूंचे, अगदी सुरीच्या आकाराचेही जे वर्णन येते, त्यात उघड तिरस्कार आहे. ‘द गॉड ऑफ द गाँग्ज’ मध्ये कृष्णवर्णीयांविषयी याहून वाईट भाषा आहे. नाताळसाठी मुलाला हे संग्रह घेऊन देणारे आईबाप पानांवर रक्त शोधतात आणि हा विखार त्यांच्या नजरेतून निसटतो. योग्यायोग्यतेची चर्चा करायचीच तर ती इथे करायला हवी. चौदा वर्षांच्या मुलाने ही कथा आईवडिलांसोबत वाचावी आणि एवढा मोठा लेखक इतका कोता कसा झाला, यावर घरात बोलणे व्हावे.

मराठी रहस्यकथेचा इतिहास वसईच्या वेशीवरून जातो, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. विरारच्या पश्चिमेला, समुद्रात किल्ला असलेले अर्नाळा. त्या गावाचे नाव आडनाव म्हणून लावून बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६-१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंझार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू या त्यांच्या नायकांनी दोन-तीन पिढ्यांना वाचायची चटक लावली. या पुस्तकांनी मुले बिघडतात असे तेव्हा घरोघरी म्हटले जाई, आणि ती पाठ्यपुस्तकात लपवून वाचली जात. ती पिढी बिघडली नाही. पुढे तीच पिढी दिवाळी अंक आणि ग्रंथालये चालवू लागली.

भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे निर्माण केला आणि मुलांसाठी रहस्य कसे लिहावे याचा मराठी नमुना घालून दिला. फास्टर फेणे धाडसी आहे, उतावळा आहे, आणि मोठ्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसते. बंगालीत सत्यजित राय १९६५ पासून ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात फेलूदा या गुप्तहेराच्या कथा लिहीत होते. अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे तो मराठी घरांतही पोहोचला. वाचक किशोरवयीन असल्यामुळे कथा स्वच्छ ठेवावी लागते आणि ते सोपे नसते, असे राय यांनी लिहून ठेवले आहे. त्यांनी वासना आणि क्रौर्य बाजूला ठेवले, पण लोभ, खोटी विद्वत्ता, घराण्याचा पोकळ मान यांना मोकळे सोडले नाही. प्राध्यापक, संग्राहक, जमीनदार अशा मानाच्या माणसांवर फेलूदाची नजर जाते. मुलांसाठी लिहिताना काय गाळायचे आणि काय मुळीच गाळायचे नाही, हे राय यांच्याकडून शिकावे.

ख्रिस्ती रहस्यकथेत आणखी एक बाब येते, ती इतर रहस्यकथांत नसते. ती म्हणजे कन्फेशनचे गुपित. १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून चर्चचा नियम पक्का आहे की कन्फेशनमध्ये ऐकलेले धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव उघड करू नये. या नियमावर थरारक कथा रचता येतात, आल्फ्रेड हिचकॉकने १९५३ मध्ये त्यावर चित्रपट केला. मुलांच्या पुस्तकात मात्र इथे अतिशय जबाबदारीने लिहावे लागेल. कबुली देणाऱ्याचे गुपित फादर पाळतात, याचा अर्थ मुलानेही आपल्यावर झालेला अन्याय गुपित ठेवावा, असा मुळीच होत नाही. हा फरक बारा वर्षांच्या वाचकाला कथेतून स्वच्छ कळला पाहिजे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही धर्मगुरू आणि व्रतस्थांवर अशी माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना देण्याची सक्ती केली. जगभरच्या चर्चने या बाबतीत फार मोठी किंमत मोजून धडा घेतला आहे, आणि ती किंमत मुलांनी मोजली. झगा घातलेला प्रत्येक माणूस भला, चर्चला येणारा प्रत्येक जण निर्दोष आणि गुन्हेगार नेहमी बाहेरगावचा, असे शिकवणारी गोड ख्रिस्ती रहस्यकथा मुलांच्या हाती देण्याला माझा ठाम विरोध आहे. तिच्यात एकही वाईट शब्द नसेल, तरीही. सुसान्नेची कथा वाचलेली मुलगी आपल्यावरच्या अन्यायाविषयी तोंड उघडायला कमी घाबरेल.

वसईची मुले काही कापसात गुंडाळून वाढलेली नाहीत. संत गोन्सालो गार्सिया इथलेच. १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. हे चरित्र आपण पहिलीतल्या मुलांनाही सांगतो आणि ते त्यांच्या योग्यतेचे आहे का असे कोणी विचारत नाही, कारण त्या वेदनेला अर्थ आहे हे आपल्याला ठाऊक असते. जमिनींचे व्यवहार, रातोरात बदललेले सातबारे, बुजवलेल्या विहिरी, धाकदपटशा, आणि त्याविरुद्ध ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने उभी राहिलेली हरित वसईची चळवळ, हे सगळे या मुलांच्या आजी-आजोबांनी डोळ्यांनी पाहिले आहे. दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी प्रदीर्घ काळ चालवले. सिसिलिया कार्व्हालोंसारख्या लेखिका या मातीतून आल्या. कविता, ललित, आत्मचरित्र, बायबलचा अनुवाद हे सगळे वसईने मराठीला दिले. मुलांसाठी रहस्यकथांची परंपरा मात्र दिली नाही.

सामग्रीची वाण नाही. एकच उदाहरण देतो. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईचा किल्ला पडला आणि किल्ल्यातल्या व आसपासच्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले. त्या आज महाराष्ट्रभरच्या देवळांत आहेत. वाईजवळ मेणवलीला १७०७ ची घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारियामाता आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा १७२१ ची, आणि तिने तर मराठीला म्हणच दिली. भीमाशंकरच्या देवळापुढेही एक टांगलेली आहे. आता कल्पना करा, पापडीची एक मुलगी आणि तिच्या वर्गातला एक मुलगा, ज्याचे मामा नाशिकचे आहेत, किल्ल्यातल्या सेंट जोसेफच्या रिकाम्या मनोऱ्याखाली उभे राहून विचारतात की इथली घंटा कोणती? सन, अक्षरे, घंटेवरचे चित्र, तोंडाचा व्यास, मनोऱ्यातल्या कमानीची रुंदी, दप्तरातली एखादी नोंद. एवढ्या दुव्यांवर उभ्या राहणाऱ्या कथेत खून लागत नाही. तिच्यात लढाई येईल, लूट येईल, आणि इन्क्विझिशनचे जाचही यावेत, कारण ते घडले. मुलांना घंटा परत मिळवायच्या नाहीत, त्यांना ओळख पटवायची आहे. दोन्ही घरची मोठी माणसे या शोधाने अस्वस्थ होतील आणि काही गोष्टी दडवतील. कोणी काय दडवले, हेच त्या कथेचे खरे रहस्य.

अशी कथा मराठीतच लिहिली पाहिजे, आणि तिच्यातली आजी वसईची कादोडी बोली बोलली पाहिजे, वाडवळ शेजारीण वाडवळी. इंग्रजी खेड्यातल्या बेकरीच्या जागी निर्मळची जत्रा, अर्नाळ्याचे बंदर, गासची वाडी, वसई रोडची सकाळची लोकल यावी. आमच्या नाताळ अंकांच्या आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी येत्या वर्षी दहा ते पंधरा वयाच्या वाचकांसाठी एक तरी रहस्यकथा मागवावी, लेखकाला पुरेसा वेळ आणि चांगले मानधन द्यावे, आणि कथा आल्यावर ती फादरांकडे पाठवण्याआधी सातवी-आठवीच्या चार मुलांना वाचायला द्यावी. गुन्हेगार कोण हे त्यांनी अर्ध्यावरच ओळखले तर कथा परत पाठवावी. गुन्हेगार चर्चच्या समितीतला निघाला म्हणून मात्र ती परत पाठवू नये.